एसएसएलसीमधला जास्तीचा 'एल'

बेळगावच्या मराठी शाळेत सात वर्षं शिकवलं आणि लग्न होऊन अंबरनाथला आले. वाटलं होतं, फाईल उचलायची न् इथल्या वर्गात उभं राहायचं. पुढचं हे त्यानंतरचं शहाणपण.

१. भाषा एक म्हणून कागद एक होत नाहीत. माझी दहावी कर्नाटकची, म्हणजे एसएसएलसी. इथल्या कार्यालयात खिडकीपलीकडच्या बाईंनी विचारलं, "हा एल कसला?" मी म्हटलं, "लीव्हिंग." "शाळा सोडल्याचा दाखला होय? मग दहावीचं प्रमाणपत्र कुठंय?" समकक्षतेचा कागद हाती पडेपर्यंत मी दहावी नापासच होते म्हणा ना.

२. आपण कोण, हे आपल्याला वाटतं तेवढं पक्कं नसतं. 1 नोव्हेंबरचा काळा दिन पाळत मी वाढले. त्याच तारखेला 2014 साली सरकारदरबारी बेळगावचं बेळगावी झालं. त्यामुळे माझ्या बारावीवर एक गाव, बीएडवर दुसरं. आडनावंही दोन, माहेरचं आणि सासरचं. आडनावासाठी राजपत्र होतं. गावासाठी मात्र मीच तोंडी इतिहास सांगत बसायचे. "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" म्हणत मोठी झालेली मी, इथल्या नोंदीत 'परराज्यातील उमेदवार'!

३. सगळ्यात जास्त नाक कापलं ते टीईटीनं, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेनं. कर्नाटकची इथे चालेना. केंद्राची सीटीईटी चालली असती, पण ती मी आळसानं कधी दिलीच नव्हती. मग महाटीईटी. दीडशेपैकी नव्वद हवे होते, मिळाले सत्त्याऐंशी. कमी पडले कशात? मराठीत! घरी मी गणिताला दोष दिला. वर्षभर तासिका तत्त्वावर काढलं, पुढच्या खेपेला सुटले. मग 1 सप्टेंबर 2025 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या जुन्या शिक्षकांनाही टीईटी लागू झाली, आणि माझी पेन्सिलीच्या खुणांची पुस्तकं स्टाफरूमभर फिरू लागली. कुणी हसलं नाही. मीही नाही. (थोडी हसले.)

४. वर्गातली समकक्षता कुठलंच कार्यालय देत नाही. आमच्याकडे 'पण'ला 'खरं' म्हणतात. पहिल्याच पावसात बोलून गेले, "घरी जायचंय, खरं छत्री नाही." मागच्या बाकावरून एकजण कळवळून म्हणाला, "बाई, खरंच नाही? माझी घ्या."

५. सीमेपलीकडून कुणी येणार असाल, तर राजपत्राच्या पाच झेरॉक्स आधीच काढून ठेवा. कार्यालयाजवळच्या दुकानात जेवणाच्या सुट्टीत फार गर्दी असते.