टोळीतली पोरं आपल्याच वर्गात बसायची आहेत

आजऱ्यातल्या आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरच्या आया-वडिलांनो,

गवसेच्या कारखान्याचं गाळप सुरू झालं की शिवाराच्या कडेला, माळावर, ओढ्याकाठी खोपी उभ्या राहतात. बीडकडून, मराठवाड्यातल्या इतर जिल्ह्यांतून ट्रक-ट्रॅक्टर भरून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. भांडीकुंडी, एखादी शेळी, आणि सोबत मुलं. कारखाना कोयते मोजतो, मुकादम आगाऊ दिलेली उचल मोजतो, आपण आपल्या फडाला तोड कधी लागणार याचे दिवस मोजतो. मुलं मात्र कुणी मोजत नाही. गळीत संपेपर्यंत, चार-पाच महिने ती आपल्याच गावात असतात. मी प्राथमिक शाळेत शिकवते, म्हणून या मुलांबद्दल तुमच्याशी मोकळेपणानं बोलायचं आहे.

तुमच्यापैकी काही जणी मला शाळेच्या फाटकाशी थांबवून सांगतात, "बाई, त्या खोपीतल्या पोरांना माझ्या पोरीशेजारी बसवू नका." मला राग येत नाही. आईची काळजी आहे ती. पण तिचं उत्तर नीट द्यायला हवं.

उवा आणि खरूज हे खरं आहे. ते लपवून उपयोग नाही. पण या दोन्हींवर साधं औषध आहे आणि ते सरकारी दवाखान्यात मिळतं. खरी अडचण पाण्याची आहे. खोपीजवळ नळ नसतो, आणि पहाटेच्या अंधारात फडावर गेलेली आई पोराला न्हाऊ कधी घालणार? शाळेत साबण, बादली आणि थोडी आडोशाची जागा असली तर आठवड्याभरात फरक दिसतो. आपल्याकडं एवढा पाऊस पडतो, हिरण्यकेशी गावाजवळून वाहते. पाण्यावाचून या लेकरांना वर्गाबाहेर ठेवावं लागावं, हे आपल्या तालुक्याला शोभत नाही.

दुसरी काळजी अभ्यासाची. गुरुजींचा सगळा वेळ नव्या मुलांवर गेला तर आमच्या पोरांचं काय? ही काळजीही खरी आहे. तिसरीच्या वयाचं पोर जोडाक्षरापाशी अडखळत असेल तर त्याला वेळ द्यावाच लागतो. पण मुलाला परत पाठवून हा प्रश्न सुटत नाही. शिक्षण हक्क कायद्यातच अशा मुलांसाठी विशेष प्रशिक्षण सांगितलं आहे: मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं आणि मागं राहिलेलं वेगळ्या वेळेत भरून काढायचं. त्यासाठी जादा हात लागतात. ते मागा. केंद्रप्रमुखांकडं मागा, पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं मागा. तुम्ही तुमच्या पोरांसाठी मागितलं तर खोपीतल्या पोरांच्या पदरातही पडेल.

हा कायदा 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत बसायचा हक्क आहे. जुन्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. जन्माचा पुरावा नाही म्हणून अडवता येत नाही. वर्ष अर्धं सरलं म्हणूनही अडवता येत नाही. आधार कार्ड नसलं तरी मुलाला शाळेत घ्यायचंच, हे सर्वोच्च न्यायालयानं 2018 च्या निकालात सांगितलं आहे. आणि स्थलांतरित कुटुंबातल्या मुलांना प्रवेश मिळतोय की नाही हे पाहणं ही स्थानिक प्राधिकरणाची, म्हणजे आपल्याकडं मुख्यतः जिल्हा परिषदेची, जबाबदारी म्हणून कायद्यात लिहिलेली आहे. मूळ गावच्या शाळेनं शिक्षण हमी कार्ड दिलं असेल तर काम सोपं होतं. नसेल तरी मुलाला बसवून घ्यायचं आणि कागद मागाहून बघायचे. गुरुजी उपकार करत नाहीत आणि पोरंही उपकार मागत नाहीत.

हा विचार आपल्याकडं नवा नाही. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1917 साली सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं. पोर शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला. त्याआधीपासून कोल्हापुरात जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं काढली, ती गावोगावहून आलेल्या पोरांसाठीच. त्या कोल्हापूरच्या जिल्ह्यात पोर कुठल्या गावचं आहे हे बघून दार उघडायचं की लावायचं ठरू नये, असं मला मनापासून वाटतं.

आणि आपण काय सगळे इथंच राहिलेले आहोत? तुमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. आजरा, चंदगड, भुदरगड, गडहिंग्लज इथली किती माणसं परळ-लालबागच्या गिरण्यांत होती! एका खोलीत पंधरा-वीस गडी, पाळीपाळीनं झोपायचे, जेवायचे खाणावळीत. गावाकडं मनीऑर्डर यायची तेव्हा चूल नीट पेटायची. मग 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, गिरण्या पुन्हा तशा उभ्या राहिल्याच नाहीत आणि कितीतरी कुटुंबं सामानसुमान बांधून माघारी आली. त्या वेळी मुंबईच्या शाळेतून अर्ध्या वर्षात गावच्या शाळेत येऊन बसलेली पोरं आज तुमच्यापैकीच कुणाचे वडील आहेत, कुणाची आई आहे. आजही आपली पोरं पुण्याला, गोव्याला, आखातात जातात. त्यांच्या लेकरांना तिथल्या शाळेनं दारात उभं करू नये असं आपल्याला वाटतं ना?

आता एका गोष्टीवर जरा सावकाश बोलते, कारण ती बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. खोपीवर नऊ-दहा वर्षांची मुलगी दिसते. कडेवर वर्षाचं भावंड, शेजारी चूल. "हिला शिकायचंच नाही," असं म्हणून आपण पुढं जातो. तिला शिकायचं असतं. पण ती शाळेत आली तर बाळ कुणाकडं? आई-बाप दोघंही फडात असतात, कारण मुकादम उचल देतो ती जोडीला देतो, आणि खाडा झाला की पैसे कापले जातात. म्हणून मुलीची शाळा सुरू करायची असेल तर आधी बाळाची अंगणवाडी सुरू करावी लागते. सहा वर्षांखालच्या मुलाला अंगणवाडीतला आहार मिळायला हवा, त्याचं वजन व्हायला हवं. ते दुसऱ्या जिल्ह्यातलं आहे म्हणून त्याला वगळायचं नसतं. अंगणवाडीताईंना खोपीची वाट दाखवा. धाकटं भावंड अंगणवाडीत आणि थोरली शाळेत, हे दोन्ही एकाच दिवशी घडलं तरच टिकतं. अंगणवाडी उघडेपर्यंतचे सकाळचे तास मोकळे राहतात, तिथं शेजारच्या घरातली एखादी आजी लक्ष ठेवू शकली तर फार मोठं काम होईल. आणि अशा मुलीची शाळा सुटली की तिचं लग्न लवकर लावून नवी जोडी उभी केली जाते. वर्गातलं तिचं नाव हे तिच्या लग्नाचं वय लांबवणारं असतं, हे विसरू नका.

आरोग्याचंही तसंच. बाळाचं लसीकरणाचं कार्ड गावाकडं राहिलेलं असतं, म्हणून नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस चुकते. सरकारी लस कुठल्याही गावात मिळते आणि फुकट मिळते. 2022 च्या शेवटी मुंबईत गोवंडीकडं गोवर पसरला आणि लहान लेकरं दगावली. लस चुकलेली मुलं तिथं बरीच होती. साथ खोप आणि बंगला बघत नाही. आशाताईंना सांगून खोपीवरच्या बाळांची यादी करून घेतली तर तुमच्या घरातल्या बाळाचंही रक्षण होतं. गरोदर बाई दिसली तर तिला उपकेंद्राची वाट सांगा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत आहे आणि नेण्या-आणण्याचीही सोय आहे. फडात काम करणाऱ्या बाईला दुखणं अंगावर काढायची सवय लागते, कारण आजारी पडायलाही तिला मुभा नसते. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची नीलम गोऱ्हे समितीनं 2019 साली चौकशी केली, तेव्हा तपासलेल्या 82 हजारांहून अधिक बायकांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. आपल्या बांधावर बसून पाणी पिणारी बाई यांतलीच एक असू शकते.

रेशनचंही सांगून ठेवते. बीडचं कार्ड आजऱ्याच्या दुकानात चालतं. अंगठा लावला की धान्य मिळतं. दुकानदार नाही म्हणाला तर तुम्ही सोबत जा. गावातलं माणूस शेजारी उभं असलं की बोलणं बदलतं, हे मी पाहिलं आहे.

तुमचंही एक गाऱ्हाणं मला ठाऊक आहे. तोड मिळवताना खुशालीचे वरचे पैसे द्यावे लागतात, चालकाची एंट्री वेगळी, ऊस वाळायला लागतो आणि जीव टांगणीला लागतो. तो राग खोटा नाही, आणि त्याचा हिशोब कारखान्याशी, मुकादमाशी जरूर करा. पण तो शाळेच्या बाकापर्यंत येऊ देऊ नका. खुशाली आठ वर्षांच्या पोरानं घेतलेली नसते.

घरात काय बोललं जातं ते वर्गात तसंच्या तसं येतं, हे आम्हा शिक्षकांना रोज दिसतं. "टोळीवाल्यांची पोरं" हे बोल पोरं घरातूनच आणतात. एखादं मूल वंजारी बोलीतला शब्द बोललं, बंजारा घरातलं पोर घरची भाषा बोललं, की वर्ग हसतो आणि ते पोर दुसऱ्या दिवशी येत नाही. हजेरीपटावर नाव राहतं, पोर फडात जातं. तुमच्या मुलाला आज रात्री जेवताना एवढं विचारा: शेजारी कोण बसतं, त्याचं नाव काय, मधल्या सुट्टीत तुम्ही दोघं काय खेळलात? खिचडीला एका पंगतीत बसलेली पोरं महिन्याभरात एकमेकांची होतात. आड येतो तो आपलाच शब्द.

शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक असतात आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. म्हणजे समिती तुमचीच आहे. पुढच्या बैठकीत तीन गोष्टी विषयपत्रिकेवर घ्या. गाळप सुरू होताच, शाळाबाह्य मुलांचं काम बघणारे बालरक्षक शिक्षक आणि दोन पालक यांनी मिळून खोपींवर जाऊन सहा ते चौदा वयाच्या मुलांची नावं लिहायची. समितीच्या बैठकीला टोळीतल्या एका आईला बोलवायचं, आणि बैठक तिला जमेल अशा वेळी, म्हणजे संध्याकाळी किंवा तिच्या सुट्टीच्या दिवशी ठेवायची. आणि गळीत संपून टोळी परतायला लागली की प्रत्येक मुलाच्या हातात इथल्या हजेरीचा आणि शिकलेल्या भागाचा सहीशिक्क्याचा कागद द्यायचा, म्हणजे गावाकडच्या शाळेत त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. नावं लिहायला मी येते. गाळप सुरू झालं की पहिल्या रविवारी सकाळी, माळावरच्या खोपींपासून सुरू करू. कोण कोण येणार ते शाळेत सांगून ठेवा.