वापरलेला मीडियम फॉरमॅट डिजिटल कॅमेरा : कोणत्या पिढीचा घ्यावा?

व्यावसायिक छायाचित्रकाराच्या दृष्टीने कॅमेरा ही केवळ हौसेची वस्तू नसून उत्पन्न देणारी मत्ता आहे. दागिने, वास्तू, चित्रसंग्रह, जाहिरात अशा कामांसाठी मीडियम फॉरमॅट कॅमेरा विशेष उपयुक्त ठरतो. मात्र त्याची नवी किंमत लेन्ससह कित्येक लाखांत जात असल्याने अनेकजण वापरलेल्या कॅमेऱ्याचा विचार करतात. अशा खरेदीत पिढीची निवड चुकल्यास कॅमेरा निरुपयोगी होऊनही कर्जाचे हप्ते सुरूच राहतात. म्हणून या विषयाचा पद्धतशीर विचार करणे इष्ट ठरेल.

१. आकार तोच, अंतरंग वेगळे

नेहमीच्या फुल फ्रेम सेन्सरचे माप ३६ × २४ मिलिमीटर असते. बहुतेक मीडियम फॉरमॅट कॅमेऱ्यांत ते सुमारे ४४ × ३३ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळाने जवळजवळ १.७ पट असते. २०१० सालच्या पेन्टॅक्स ६४५ डीपासून आजच्या जीएफएक्स मालिकेपर्यंत हे माप कायम आहे. पिढ्यांमधील फरक सेन्सरच्या जातीत आणि भोवतालच्या यंत्रणेत आहे.

पहिली पिढी सीसीडी सेन्सरची. ६४५ डी हा ४० मेगापिक्सेलचा कॅमेरा असून त्याची आयएसओ मर्यादा १६०० आहे. स्टुडिओतील दिव्यांखाली, तिपाईवर तो आजही उत्तम काम देतो. मंद प्रकाशात मात्र अपुरा पडतो.

दुसरी पिढी २०१४ पासूनची, सुमारे ५० मेगापिक्सेल सीमॉस सेन्सरची. पेन्टॅक्स ६४५ झेड (२०१४), हॅसलब्लाड एक्सवनडी (२०१६) आणि फुजीफिल्म जीएफएक्स ५० एस (२०१७) हे तिचे प्रतिनिधी. मंद प्रकाशातील अडचण येथे बरीच दूर झाली. एक्सवनडी आणि ५० एस यांत आरसा नाही. त्यांचे स्वयंचलित फोकसिंग संथ आहे आणि हात हलल्याने येणारा दोष सावरणारी यंत्रणा कॅमेऱ्यात नाही.

तिसरी पिढी १०० मेगापिक्सेलची. फुजीफिल्मचा जीएफएक्स १०० (२०१९) व १०० एस (२०२१) आणि हॅसलब्लाडचा एक्सटूडी (२०२२) यांत फेज डिटेक्शन फोकसिंग आणि कंप सावरणारी यंत्रणा या दोन्ही सोयी आहेत. जीएफएक्स ५० एस टू (२०२१) हा मधला दुवा : सेन्सर व फोकसिंगची पद्धत दुसऱ्या पिढीची, कंप सावरण्याची सोय तिसऱ्या पिढीची.

२. मेगापिक्सेलचे गणित

मेगापिक्सेल दुप्पट झाले म्हणजे छपाईचा आकार दुप्पट होतो, हा समज बरोबर नाही. ३०० डीपीआयने छापल्यास ५१ मेगापिक्सेलचे चित्र सुमारे २७.५ × २०.६ इंच होते, तर १०२ मेगापिक्सेलचे ३८.८ × २९.१ इंच. म्हणजे प्रत्येक बाजू केवळ ४१ टक्क्यांनी वाढते. उलट साठवणुकीचा भार मात्र झपाट्याने वाढतो. जीएफएक्स १०० च्या १६ बिट, असंपीडित रॉ फाइलचा आकार सुमारे २०० एमबी असतो. अशी हजार चित्रे घेतल्यास एका दिवसात सुमारे २०० जीबी जागा लागते. संगणक व हार्ड डिस्क यांचा खर्चही म्हणूनच कॅमेऱ्याच्या किमतीत धरावा.

३. घसारा पुस्तकातला आणि बाजारातला

प्राप्तिकराच्या हिशेबात यंत्रसामग्रीवर सर्वसाधारणपणे १५ टक्के घसारा धरल्यास १ लाखाची मत्ता तीन वर्षांनी सुमारे ६१,४०० रुपयांची उरते. बाजार मात्र असा संथपणे उतरत नाही. नवी आवृत्ती येताच तो एकदम पायरी उतरतो. जीएफएक्स १०० अमेरिकेत २०१९ मध्ये सुमारे १०,००० डॉलरला आला. तितक्याच मेगापिक्सेलचा १०० एस २०२१ मध्ये सुमारे ६,००० डॉलरला आला. पहिल्या कॅमेऱ्याच्या मालकाचे नुकसान हा वापरलेला माल घेणाऱ्याचा लाभ ठरतो. यावरून सूत्र असे निघते की, पायरी उतरल्यानंतर घ्यावे, उतरण्यापूर्वी नव्हे.

लेन्सची गोष्ट निराळी. जीएफएक्स ५० एस साठी घेतलेली लेन्स त्या मालिकेच्या पुढील कॅमेऱ्यांवरही चालते. हॅसलब्लाडच्या एक्ससीडी लेन्सचेही तसेच. म्हणून मोठी रक्कम लेन्समध्ये आणि बेताची कॅमेऱ्यात गुंतवणे शहाणपणाचे होय.

४. निवड कशी करावी?

स्थिर वस्तू, नियंत्रित प्रकाश व तिपाई एवढेच काम असल्यास दुसरी पिढी पुरेशी आहे. दिवसा फ्लॅशचा भरपूर वापर असल्यास हॅसलब्लाडची लेन्समध्येच शटर असणारी रचना सोयीची, कारण तिचा फ्लॅश सिंक बराच जलद असतो. ५० एस मध्ये ही मर्यादा १/१२५ सेकंद आहे. हालचाल करणारी माणसे किंवा हातात धरून चित्रण असल्यास तिसरी पिढीच घ्यावी. पहिली पिढी तिच्या रंगांची खास आवड असणाऱ्यानेच, तीही कर्ज न काढता घ्यावी.

५. खरेदीपूर्वी तपासणी

• बिलावर अनुक्रमांक असावा व तो कॅमेऱ्यावरील क्रमांकाशी जुळावा. विमा, कर्ज व मालकी या तिन्हींचा तोच आधार आहे.
• ती बॅटरी आज नवी मिळते का आणि भारतात दुरुस्ती होते का, याची खात्री करावी. ५० एस आणि १०० एस यांच्या बॅटऱ्या वेगवेगळ्या आहेत.
• पांढऱ्या भिंतीचे चित्र एफ १६ वर घेऊन सेन्सरवरील डाग पाहावेत.
• दोन्ही कार्ड स्लॉट व संगणकाची जोडणी प्रत्यक्ष चालवून पाहावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कर्जाची मुदत कॅमेऱ्याच्या उरलेल्या उपयुक्त आयुष्यापेक्षा कमी असावी. बॅटरी व दुरुस्ती आणखी तीन वर्षे मिळण्याचा भरवसा असेल, तर हप्ते अडीच वर्षांत संपावेत. हा एक नियम पाळल्यास पिढी जुनी असली तरी व्यवहार तोट्यात जाण्याची शक्यता बरीच कमी होते.