जुने उपकरण, नवा हिशोब : वापरलेली इलेक्ट्रॉनिक साधने निवडताना

इंदूर शाखेत बदली झाल्यावर मिरजेचे घर आवरत असताना आईच्या पत्र्याच्या पेटीत सहा कॅसेट सापडल्या. पाच नाट्यगीतांच्या होत्या. सहावीच्या वेष्टनावर काकांच्या अक्षरात ‘आजी – ओव्या, १९९४’ एवढेच लिहिले होते. आजीला जाऊन वीस वर्षे होऊन गेली. तिचा आवाज जपलेली तेवढी एकच वस्तू घरात होती. आमचा टेपरेकॉर्डर केव्हाच भंगारात गेला होता. मी त्याच संध्याकाळी बाराशे रुपयांना एक जुना टेपरेकॉर्डर आणला आणि अधीरतेने पहिल्यांदा तीच कॅसेट त्यात घातली. जात्याची घरघर ऐकू आली, आजीने पहिली ओवी उचलली, आणि काही मिनिटांतच आवाज जड होत थांबला. झाकण उघडले तेव्हा रीळ रबरी चाकाभोवती गुंडाळून चुरगळले होते.

शाखेत कर्जाचा साधा प्रस्ताव तपासतानाही आपण अर्जदाराला दहा प्रश्न विचारतो. येथे मी एकही प्रश्न विचारला नव्हता. त्या चुकीनंतर केलेला थोडा अभ्यास व प्रत्यक्ष अनुभव यांच्या आधारे प्रस्तुत लेखात वापरलेली इलेक्ट्रॉनिक उपकरणे कशी पारखावीत याचा विचार केला आहे. आपल्या बँकेचे मराठी ग्राहक देशभर विखुरलेले आहेत. पुण्याची तापकीर गल्ली असो, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, बंगळुरूचा एस. पी. रोड वा दिल्लीचे लजपतराय मार्केट, सर्वत्र उपयोगी पडतील अशीच ही पथ्ये आहेत.

१. प्रथम हेतू निश्चित करावा

जुने उपकरण घेण्याचे हेतू साधारणतः तीन असतात. पहिला, घरातील जुन्या कॅसेट, तबकड्या वा चित्रफिती ऐकणे-पाहणे. दुसरा, कमी खर्चात करमणुकीची सोय करणे. तिसरा, मोबाईलच्या सततच्या व्यत्ययापासून दूर राहून एकाच कामासाठी एक साधन वापरणे. उदाहरणार्थ, केवळ गाणी ऐकण्याचे यंत्र किंवा केवळ नोंदी ठेवण्याची डिजिटल डायरी. हेतू कोणता यावर निवड अवलंबून असते. सहा कॅसेटचे संगणकीय रूपांतर एकदाच करावयाचे असेल तर यंत्र विकत घेण्यापेक्षा ते काम जाणकाराकडून करून घेणे स्वस्त पडू शकते. रोज ऐकावयाचे असेल तर मात्र यंत्र स्वतःचे हवे.

२. उपकरण कशाच्या आधारावर चालते?

यंत्र उत्तम स्थितीत असले तरी ज्या सेवेवर ते अवलंबून आहे ती सेवा चालू असेलच असे नाही. जुन्या वस्तूच्या खरेदीत हा मुद्दा सर्वाधिक दुर्लक्षित राहतो.

दूरचित्रवाणी संचाचेच पाहा. १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने देशात रंगीत प्रक्षेपण आले आणि पुढे छपरावरील अँटेना घरोघरी दिसू लागले. दूरदर्शनची भूतलीय ॲनालॉग प्रक्षेपणे मोजके अपवाद वगळता २०२२ पर्यंत बंद झाली, तर केबलचे डिजिटलीकरण २०१२ पासून टप्प्याटप्प्याने झाले. त्यामुळे पिक्चर ट्यूबचा जुना संच आज केवळ अँटेनावर चालण्याची आशा धरू नये. सेट टॉप बॉक्सला पिवळ्या, लाल व पांढऱ्या पिनांची जोडणी असेल तर तो संच अजूनही उपयोगी ठरतो. मासिक शुल्क नसलेली ‘डीडी फ्री डिश’ सेवाही त्यावर पाहता येते.

रेडिओ घेताना त्यात एफएम पट्टा आहे का ते पाहावे. अनेक जुन्या संचांत केवळ मध्यम लहरी व लघुलहरी असतात. असा संच शोभेसाठी घ्यावयाचा नसेल, तर आपल्या गावी मध्यम लहरींवर कोणते केंद्र स्वच्छ लागते याची आधी खात्री करावी. जपानी बाजारपेठेसाठी बनलेल्या संचांचा एफएम पट्टा आपल्या ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याशी पूर्णपणे जुळत नाही, हेही ध्यानात असावे.

डीव्हीडी प्लेअरबाबत विभाग-क्रमांक तपासावा. भारत पाचव्या विभागात मोडतो. परदेशातून आणलेला प्लेअर येथील तबकड्या नाकारू शकतो. व्हिडिओ कॅसेट प्लेअरची अडचण याहून मोठी आहे. ही यंत्रे बनविणाऱ्या अखेरच्या ज्ञात उत्पादकाने, जपानच्या फुनाई कंपनीने, जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबविले. म्हणजे बाजारात जे आहे ते सर्व वापरलेले किंवा साठ्यातले. लग्नाची चित्रफीत पाहण्यासाठी असे यंत्र घेतलेच, तर फितीवर बुरशी नाही हे आधी पाहावे. दमट हवेत ठेवलेल्या फितींवर पांढरी बुरशी धरते. ती यंत्राच्या हेडवर बसते आणि पुढच्या चांगल्या फितीही बिघडवते.

३. काय झिजले आहे?

इलेक्ट्रॉनिक वस्तू दिसायला नवी असली तरी आतील काही भाग वापराने, काही भाग केवळ काळाने निकामी होतात. कॅसेट प्लेअरमध्ये रबरी बेल्ट सैल वा चिकट होतात आणि रीळ पुढे ओढणारे रबरी चाक कडक व गुळगुळीत होते. त्यामुळे रीळ गुंडाळणाऱ्या चकतीला जोर मिळत नाही, पुढे आलेले रीळ साठत जाते आणि यंत्रात अडकते. माझ्या बाबतीत नेमके हेच घडले होते. बेल्ट बदलणे व हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करणे हे किरकोळ काम आहे, पण ते वापरापूर्वी व्हावे लागते.

रेकॉर्ड प्लेअरमध्ये सुई पाहावी. बोथट सुई तबकडीची खाच खरवडते व ते नुकसान कायमचे असते. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांना एल. पी.पेक्षा जाड टोकाची सुई लागते. एकच सुई दोन्हींसाठी वापरू नये. सीडी व डीव्हीडी प्लेअरमध्ये लेझर क्षीण होतो. म्हणून तपासणीसाठी कोऱ्या दिसणाऱ्या व्यावसायिक तबकडीबरोबर घरी नोंदवलेली एक तबकडीही न्यावी. क्षीण लेझर ती बहुधा वाचू शकत नाही.

तपासणीचे एक पथ्य कटाक्षाने पाळावे : अनोळखी यंत्रात प्रथम निरुपयोगी कॅसेट किंवा तबकडी घालावी आणि किमान अर्धा तास चालवावी. पिक्चर ट्यूबचा संच घरी उघडण्याचे धाडस मात्र कोणीही करू नये. प्लग काढल्यावरही आत घातक विद्युतदाब टिकून राहू शकतो.

४. विजेचे गणित

आपल्याकडील घरगुती वीज २३० व्होल्ट व ५० हर्ट्झची आहे. जपानमध्ये १०० व अमेरिकेत १२० व्होल्टचा पुरवठा असतो. परदेशस्थ नातेवाइकाने दिलेले यंत्र थेट जोडल्यास क्षणात जळू शकते. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज कमी होते, हर्ट्झ मात्र बदलत नाही. अमेरिकेतील काही रेकॉर्ड प्लेअरची मोटर ६० हर्ट्झच्या विजेवर विसंबून फिरते. असे यंत्र येथे पाच-षष्ठांश गतीने चालेल, म्हणजे ३३⅓ फेऱ्यांची तबकडी सुमारे २८ फेऱ्यांनी फिरेल आणि गायकाचा स्वर खाली उतरेल.

५. नोंदी व नियोजनाची साधने

१९९० च्या दशकात डिजिटल डायरी हे प्रतिष्ठेचे लक्षण होते. १९९६ साली ‘पायलट’ व पुढे ‘पाम’ नावाची हातात मावणारी साधने आली. दूरध्वनी क्रमांक, भेटींच्या वेळा, कामांची यादी यांसाठी ती आजही वापरणारे लोक आहेत. त्यांत जाहिराती नसतात व लक्ष विचलित होत नाही. परंतु मर्यादा जाणून घ्याव्यात. डिजिटल डायऱ्या व आरंभीच्या पाममधील स्मृती बॅटरीवर टिकते. मुख्य व राखीव बॅटरी दोन्ही संपल्या की नोंदी नाहीशा होतात. संगणकाशी जोडणारी केबल व प्रणाली जुन्या संगणकांसाठी बनलेली असल्याने नोंदींची दुसरी प्रत घेणे अवघड जाते. पामच्या दिनदर्शिकेत २०३१ च्या पुढील नोंद करता येत नाही, म्हणून दीर्घ मुदतीच्या ठेवीची परिपक्वता तारीख त्यात लिहून निश्चिंत राहू नये! ४ जानेवारी २०२२ रोजी ब्लॅकबेरीच्या जुन्या प्रणालीची सेवा बंद झाल्यापासून ते संचही विश्वासार्ह राहिलेले नाहीत.

संगीतासाठी २००१ ते २०२२ या काळात विकला गेलेला आयपॉड हा चांगला पर्याय ठरू शकतो. पण त्याच्या बॅटरीचे वय विचारात घ्यावे. ती फुगल्यामुळे आवरण उचललेले दिसले तर तो संच घेऊच नये.

एक गोष्ट बँक अधिकारी म्हणून आग्रहाने सांगावीशी वाटते. सुरक्षा-सुधारणा बंद झालेला मोबाईल वा संगणक गाणी ऐकण्यास खुशाल वापरावा, बँकेच्या व्यवहारांसाठी कदापि वापरू नये. विंडोज एक्सपीची अधिकृत मदत ८ एप्रिल २०१४ रोजी व विंडोज १० ची सर्वसाधारण मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. तसेच पिन, पासवर्ड, कार्डाचा क्रमांक यांची नोंद कोणत्याही जुन्या डायरीत, कागदी वा डिजिटल, ठेवू नये.

६. एकूण खर्चाचा ताळेबंद

दुकानदार सांगतो ती किंमत हा खर्चाचा केवळ पहिला रकाना असतो. समजा, कॅसेट डेक १,५०० रुपयांना मिळाला, बेल्ट व दुरुस्तीस ८०० आणि जोडणीच्या केबलला ३०० रुपये लागले, तर खरा खर्च २,६०० रुपये झाला. सहा कॅसेटसाठी हा खर्च प्रत्येकी सुमारे ४३३ रुपये पडतो. साठ कॅसेट असतील तर सुमारे ४३ रुपये. निर्णय या आकड्यावरून घ्यावा.

विजेचाही विचार हवा. जुना संच ८५ वॅट व नवा ३० वॅट वीज घेतो असे मानले, तर रोज चार तासांच्या वापरात वर्षाला सुमारे ८० युनिटचा फरक पडतो. आठ रुपये दराने ही रक्कम ६४० रुपयांच्या घरात जाते. ‘स्वस्त’ संच दोन-तीन वर्षांत महाग कसा ठरतो ते यावरून दिसेल. आणखी एक सूचना : असे उपकरण कर्ज किंवा क्रेडिट कार्डाच्या उधारीवर घेऊ नये. वस्तू बंद पडल्यावरही हप्ते चालू राहणे ही मोठी नामुष्की असते.

७. व्यवहार करताना

वापरलेल्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीत फसवणूक करणारे नेहमी घाईचे वातावरण निर्माण करतात. वस्तू न पाहता आगाऊ रक्कम पाठवू नये. आपण विक्रेते असाल तर लक्षात ठेवावे की पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन कधीही द्यावा लागत नाही. ‘क्यूआर कोड स्कॅन करा म्हणजे रक्कम जमा होईल’ असे सांगणारा खरेदीदार नव्हे, ठग असतो. फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी व आपल्या शाखेस कळवावे.

जुना मोबाईल घेताना *#०६# दाबून त्याचा आयएमईआय क्रमांक पाहावा व तो दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ सेवेवर पडताळावा. चोरीचा संच नकळत घेतल्यास पैसे व मनःस्वास्थ्य दोन्ही गमवावे लागते. स्वतःचा संच विकण्यापूर्वी सिम व मेमरी कार्ड काढावे, बँकेची ॲप्स बंद करून सर्व माहिती पुसून टाकावी.

निरुपयोगी झालेली वस्तू घरगुती कचऱ्यात टाकू नये. पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसे असते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार पुनर्प्रक्रियेची व्यवस्था आहे. नोंदणीकृत संकलकाकडेच वस्तू सोपवावी.

समारोप

मिरजेचा तो टेपरेकॉर्डर मी परत केला नाही. दोष त्याच्याइतकाच माझाही होता. इंदुरात एका वृद्ध कारागिराने त्याचे बेल्ट व चाक बदलले. कॅसेटचे कवच स्क्रूंनी जोडलेले असल्याने ते उघडता आले. चुरगळलेला भाग त्यांनी हातांनी सरळ करून पाहिला, पण सुरुवातीचा सुमारे दोन मिनिटांचा तुकडा कापावाच लागला. त्यानंतर आम्ही नाट्यगीतांची एक कॅसेट पूर्ण वाजवून पाहिली आणि मगच आजीची कॅसेट लावली. वाजत असतानाच ती संगणकावर उतरवून घेतली व तिच्या तीन प्रती तीन घरी ठेवल्या.

आईने ती फोनवरून ऐकली. संपल्यावर म्हणाली, “पहिली ओवी आजी नेहमी तुळशीची म्हणायची. ती कुठे गेली?” मला खरे ते सांगावे लागले.

आपल्याही घरी अशी एखादी पेटी असेल. उपकरण आणण्याची घाई करू नये. पण ते पारखून आणण्यास फार उशीरही करू नये, कारण कॅसेटही आपल्याबरोबर म्हातारी होत असते.