सगळेच गातात तेव्हा : ‘शेरबूरच्या छत्र्या’ आणि प्रेक्षकाचा प्रतिसाद



संगीत नाटकाचा प्रयोग तुम्ही पाहिला असेल, किमान त्याचे ध्वनिमुद्रण तरी ऐकले असेल. पात्रे गद्यात बोलत असतात. मग ऑर्गनचे सूर ऐकू येतात, नट किंचित पुढे येतो आणि पद सुरू होते. त्या क्षणी प्रेक्षागृहात एक सूक्ष्म बदल होतो. आता घटना थांबली आणि भाव सुरू झाला, हे कोणी न सांगता सर्वांना कळते. पद रंगले की ‘वन्स मोअर’ची मागणी होते आणि मरणोन्मुख पात्रसुद्धा तेच पद पुन्हा म्हणते. यात कोणालाही विसंगती वाटत नाही, कारण गद्य कोठे संपते आणि पद्य कोठे सुरू होते याविषयी रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यात एक अलिखित करार झालेला असतो. या करारालाच आपण ‘संकेत’ म्हणतो.

हा करार एखाद्या कलाकृतीने मोडला तर प्रेक्षक काय करतो, हा प्रस्तुत पाठाचा विषय आहे. त्यासाठी आपण एक फ्रेंच चित्रपट घेणार आहोत : झाक दमी या दिग्दर्शकाचा १९६४ साली प्रदर्शित झालेला ‘ले पाराप्लुई द शेरबूर’, म्हणजे ‘शेरबूरच्या छत्र्या’. संगीत मिशेल लग्राँ यांचे आहे. या चित्रपटात एकही वाक्य बोललेले नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक शब्द गायिलेला आहे.

कथानक

कथा साधी आहे, किंबहुना बेतलेली वाटावी इतकी साधी. शेरबूर हे फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील बंदर. १९५७ च्या नोव्हेंबरात कथा सुरू होते. छत्र्यांचे दुकान चालविणाऱ्या मादाम एमरीची मुलगी झेनव्हिएव आणि मोटार दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये काम करणारा गी यांचे एकमेकांवर प्रेम आहे. सक्तीच्या लष्करी सेवेसाठी गीला अल्जीरियाच्या युद्धावर जावे लागते. तो गेल्यावर तिला दिवस गेल्याचे कळते. त्याची पत्रे क्वचित येतात. दुकान कर्जात बुडाले आहे. रोलाँ कासार नावाचा एक सभ्य, श्रीमंत जवाहिऱ्या तिला मागणी घालतो आणि होणाऱ्या मुलासह तिचा स्वीकार करायला तयार होतो. ती लग्न करते. गी पायाला दुखापत होऊन परततो, काही काळ भरकटतो आणि मग त्याच्या आजारी मावशीची सेवा करणाऱ्या मादलेनशी संसार थाटतो. १९६३ च्या डिसेंबरात, बर्फ पडत असताना, त्याच्या पेट्रोल पंपावर एक मोटार येऊन थांबते. आत झेनव्हिएव असते, शेजारी लहान मुलगी. दोघे काही मिनिटे बोलतात आणि ती निघून जाते.

यात खलनायक कोणीच नाही, हे ध्यानात ठेवा. पुढे याची गरज पडेल.

पहिली दहा मिनिटे

मी हा चित्रपट गेली अनेक वर्षे वर्गात दाखवीत आलो आहे आणि पहिल्या दहा मिनिटांत हशा पिकला नाही असे एकदाही घडलेले नाही. चित्रपट गॅरेजमध्ये सुरू होतो. गाडी तयार आहे का, असे विचारले जाते. तयार आहे, इंजिन थंड असताना जरा वाजते पण ते चालायचेच, असे गी सांगतो. हे सारे जॅझच्या ठेक्यावर, गाऊन. विद्यार्थी हसतात. एकाने तर न राहवून विचारले होते, “सर, ही माणसे नेहमीसारखी बोलत का नाहीत?”

प्रश्न रास्त आहे, आणि दिग्दर्शकाला तो ठाऊक होता. त्याच गॅरेजच्या दृश्यात कामगार हात धुताना संध्याकाळचे बेत सांगत असतात. गी ऑपेरा पाहायला जाणार असतो. त्यावर एक सहकारी म्हणतो की, ती सगळी गाणारी माणसे आपल्याला सहन होत नाहीत, आपल्याला सिनेमाच बरा वाटतो. हे तो गाऊनच म्हणतो. प्रेक्षकाच्या मनातील आक्षेप दमी यांनी एका पात्राच्या तोंडी घालून मोकळा केला आहे. माझ्या वर्गात या जागी दुसऱ्यांदा हशा होतो, पण तो वेगळा असतो. पहिल्या वेळी विद्यार्थी चित्रपटाला हसतात, दुसऱ्या वेळी चित्रपटाबरोबर.

येथे भाषाविज्ञानातील एक संज्ञा आपल्या उपयोगी पडेल. प्राग संप्रदायाच्या त्रुबेत्स्कॉय आणि याकोबसन या अभ्यासकांनी ‘चिन्हांकित’ आणि ‘अचिन्हांकित’ असा भेद मांडला. दोन पर्यायांपैकी जो सर्वसाधारण, ज्याच्याकडे वेगळे लक्ष जात नाही तो अचिन्हांकित. जो काही विशेष सुचवितो तो चिन्हांकित. घरी ‘पाणी दे’ म्हणणे अचिन्हांकित आहे. त्याच घरात मुलाने आईला ‘कृपया जल द्यावे’ म्हटले तर ते चिन्हांकित होईल, आणि आई विचारील की, आज काय झाले आहे याला? संगीत नाटकात आणि आपल्या नेहमीच्या हिंदी-मराठी चित्रपटांत बोलणे अचिन्हांकित असते, गाणे चिन्हांकित. गाणे सुरू झाले की आता काही विशेष आहे, हे आपण ओळखतो.

‘शेरबूरच्या छत्र्यां’त सगळेच गायिलेले असल्यामुळे गाणे हा विशेष राहत नाही. ते त्या जगाचे नित्याचे बोलणे होते. पण प्रेक्षक आपले जुने व्याकरण घेऊन आलेला असतो. त्याच्या कानाला प्रत्येक वाक्य चिन्हांकित वाटते, आणि इंजिनाच्या आवाजाविषयीचे वाक्य चिन्हांकित होण्याच्या लायकीचे नसते. म्हणून तो हसतो. साधारण पंधरा-वीस मिनिटांनी बहुतेकांचे व्याकरण बदलते. काहींचे शेवटपर्यंत बदलत नाही. अशा प्रेक्षकाला अरसिक म्हणण्याची घाई करू नये. त्याने फक्त नवा करार स्वीकारलेला नसतो, आणि तो स्वीकारण्याची सक्ती त्याच्यावर कोणी करू शकत नाही.

भरताच्या परिभाषेत सांगायचे तर येथे आशय लोकधर्मी आहे आणि आविष्कार पूर्णपणे नाट्यधर्मी. कर्ज, भाडे, गर्भारपण, पेट्रोलचा भाव अशा वस्तू नाट्यधर्मी वेषात समोर येतात. रंगांचेही तसेच. भिंतींचे कागद आणि पात्रांचे कपडे यांचे रंग एकमेकांशी जुळविलेले आहेत, पण रस्ते खऱ्या शेरबूरचे आहेत.

टाळीला जागा नाही

आणखी एक अडचण प्रेक्षकाला जाणवते, ती बहुधा त्याला शब्दांत सांगता येत नाही. प्रतिसाद देण्यासाठी खंड लागतो. पद संपले की टाळी पडते, कीर्तनात पूर्वरंग संपला की गजर होतो, तमाशात लावणी संपली की शिट्ट्या होतात. या चित्रपटात सुरावट एका दृश्यातून दुसऱ्या दृश्यात वाहत जाते. गाणे संपतच नाही, म्हणून दाद द्यायला जागा मिळत नाही. आपल्याकडील संगीत नाटकाच्या रसिकाला हे फार जड जाते, असे माझे निरीक्षण आहे. ज्या सुरावटीला पुढे ‘आय विल वेट फॉर यू’ या इंग्रजी रूपात जगभर लोकप्रियता मिळाली, ती स्टेशनवरील निरोपाच्या दृश्यातही येते. पण तेथेही ती ‘गाणे’ म्हणून उभी राहत नाही. गाडी हलते, फलाट मागे सरतो, झेनव्हिएव लहान होत जाते. दाद देण्याऐवजी प्रेक्षकाला नुसते बसून राहावे लागते.

जाता जाता एक गोष्ट. आपण हा चित्रपट उपशीर्षकांसह पाहतो, म्हणजे कानावर फ्रेंच सूर पडतात आणि डोळे सपाट गद्य वाचतात. चित्रपटाने जे एकजीव केले होते ते उपशीर्षके पुन्हा वेगळे करतात. आपल्या वर्गातील हशाचा काही भाग याही कारणाने असावा. शिवाय पडद्यावरील नटांचे आवाजही त्यांचे स्वतःचे नाहीत. कात्रीन दनव हिच्यासाठी दानिएल लिकारी यांनी गायिले आहे. संपूर्ण ध्वनिमुद्रण आधी झाले आणि नटांनी त्यावर अभिनय केला. पार्श्वगायनाला सरावलेल्या भारतीय प्रेक्षकाला याचे काहीच वाटत नाही. एका संकेताने आपण अडखळतो, तर दुसऱ्याने आपल्याला आयती वाट मिळते.

शपथ आणि सूर

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. या चित्रपटावरील तीव्र प्रतिक्रिया गाण्यापेक्षाही शेवटाविषयी असतात. वर्गातील चर्चा प्रत्येक वेळी एकाच वाक्यापाशी येते : “तिने वाट पाहायला हवी होती.” एके वर्षी हे वाक्य एका विद्यार्थ्याने उच्चारताच मागच्या बाकावरील एक विद्यार्थिनी उठून म्हणाली, “पोटात मूल, आईच्या डोक्यावर कर्ज, पत्र नाही. कशाच्या आधारावर वाट पाहायची होती?” वर्ग शांत झाला. तिचे उत्तर चित्रपटाविषयी होते की आणखी कशाविषयी, हे मी विचारले नाही.

तिने वाट पाहायला हवी होती, असे आपल्याला का वाटते? कारण तिने तसे म्हटले होते, आणि गाऊन म्हटले होते. ऑस्टिन या तत्त्वज्ञाने दाखवून दिले की काही वाक्ये वर्णन करीत नाहीत, ती कृती करतात. ‘मी वचन देतो’ असे म्हणणे म्हणजेच वचन देणे. प्रेमाच्या संगीतपटात अशा वचनाला दुहेरी बळ असते. एक, ते दिले गेले. दोन, ते सुरात दिले गेले. गद्यात दिलेले वचन मोडू शकते, पण द्वंद्वगीतात दिलेले वचन कथानकाने पाळायचे असते. नायक-नायिका कितीही दूर गेले तरी शेवटच्या रिळात तीच चाल पुन्हा वाजते आणि दोघे भेटतात. चित्रपटगृहात वाढलेल्या आपल्या कानांनी हा नियम मुरवून घेतला आहे.

परंतु जेथे सगळेच गायिले जाते तेथे सुराला ही हमी उरत नाही. ‘तुझ्यावाचून मी जगणार नाही’ हे वाक्य आणि इंजिनाच्या आवाजाविषयीचे वाक्य एकाच पातळीवर येतात. दोन्ही माणसाची बोलणी. दोन्ही त्या वेळी खरी. काळ त्यांचे काय करील याची ग्वाही सूर देत नाही. प्रेमाने माणसे मरतात ती फक्त सिनेमात, असे मादाम एमरी मुलीला सुनावते. पुढे झेनव्हिएव स्वतःलाच विचारते की, त्याच्यासाठी जीव दिला असता असे मी म्हणत होते, मग मी मेले का नाही? हा प्रश्न ती गाऊनच विचारते. नेहमीच्या संगीतपटात तो विचारताच आला नसता.

म्हणून सर्वत्र गाणे आणि अपूर्ण प्रेम या दोन वेगवेगळ्या ‘अपारंपरिक’ गोष्टी नाहीत, असे माझे मत आहे. पहिलीमुळे दुसरी शक्य झाली. ज्या प्रेक्षकाने पहिल्या वीस मिनिटांत नवा करार स्वीकारला त्याला शेवटी रडू येते. ज्याने जुनाच करार मनाशी धरला त्याला फसवले गेल्यासारखे वाटते. डेमियन शझेल यांच्या ‘ला ला लँड’ (२०१६) या चित्रपटाचा शेवट तुम्हाला आठवेल. दमी यांचे ऋण शझेल यांनी उघडपणे मान्य केले आहे. तेथेही प्रेमिक एकत्र येत नाहीत आणि तेथेही प्रेक्षकांत वाद झाला. मात्र तेथे बोलणे आणि गाणे वेगवेगळे आहे. त्यामुळे जे घडले नाही ते शेवटच्या संगीतमय स्वप्नदृश्यात दाखविता येते. दमी यांच्याकडे अशी स्वप्नाची पळवाट नाही.

१९६४ चा प्रेक्षक

फ्रान्समध्ये चित्रपट लोकप्रिय झाला आणि त्या वर्षी कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिकही त्याला मिळाले. गोडव्याचा अतिरेक, असा आक्षेपही त्याच्यावर घेतला गेला. या दोन्हींकडे पाहताना एक गोष्ट विसरू नये. अल्जीरियाचे युद्ध १९६२ साली संपले होते. दहा लाखांहून अधिक फ्रेंच तरुण तेथे सक्तीने पाठविले गेले होते आणि पडद्यावर त्याविषयी फारसे बोलले जात नव्हते. गोदार यांचा ‘ल पती सोल्दा’ हा चित्रपट १९६३ पर्यंत रोखून धरलेला होता. चित्रगृहात बसलेल्या अनेकांच्या घरून कोणी ना कोणी त्या फलाटावरून गेले होते. गुलाबी भिंतकागदांच्या चित्रपटात ते त्यांना भेटले. आपण पाहतो ती ‘एक प्रेमकथा’. त्यांनी पाहिली ती कालपरवाची गोष्ट.

काळाचा परिणाम रंगांवरही झाला. मूळ प्रतींचे रंग विटत गेले. दमी यांनी रंगांच्या वेगवेगळ्या कृष्णधवल प्रती जपून ठेवल्या होत्या. त्यांच्या आधारे, दमी यांच्या निधनानंतर, १९९० च्या दशकात चित्रपट पुन्हा मूळ रंगांत आला. मधल्या वर्षांत फिकट प्रत पाहून ज्यांनी मत बनविले त्यांनी वेगळाच चित्रपट पाहिला, असे म्हणावे लागेल.

शेवटचे दृश्य आता पुन्हा पाहा. पंपावरचा मुलगा विचारतो की, पेट्रोल सुपर घालू की साधे? झेनव्हिएव म्हणते, कोणतेही चालेल. पहिल्या दृश्यातील इंजिनाच्या वाक्याइतकेच हे वाक्य क्षुल्लक आहे आणि तसेच गायिलेले आहे. वर्गात येथे कोणी हसत नाही. मुलीचे नाव फ्रांस्वाज आहे, गीच्या मुलाचे फ्रांस्वा. प्रेमाच्या दिवसांत दोघांनी मिळून ठरविलेले नाव दोन घरांत वाटले गेले आहे. मुलीला पाहायचे आहे का, असे ती विचारते. तो नकार देतो. फ्रेंचमध्ये आदरार्थी सर्वनाम असूनही दोघे अजून एकमेकांना ‘तू’ म्हणत असतात. मराठी उपशीर्षके करणाऱ्याने येथे ‘तुम्ही’ लिहिले तर दृश्य संपलेच.

स्वयंअध्ययनासाठी

१. एखाद्या संगीत नाटकातील एक प्रवेश निवडा. त्यातील पद गद्यात लिहा आणि गद्य संवाद पद म्हणून गाऊन पाहा. कोणत्या वाक्यांना हसू आले आणि का, ते ‘चिन्हांकित’ ही संज्ञा वापरून दहा ओळींत लिहा.

२. घरातील वेगवेगळ्या वयाच्या दोन व्यक्तींना हा चित्रपट दाखवा. “तिने वाट पाहायला हवी होती का?” एवढाच प्रश्न विचारा. उत्तर जसेच्या तसे, त्यांच्याच बोलीत, टिपून ठेवा आणि संपर्कसत्रास येताना सोबत आणा.