दोर पक्का, गाठ सैल: वाय-फायच्या कुलपाची गोष्ट



व्हीएचएफवर बांगड्याच्या थव्याची जागा उघड बोललं तर काय होतं, ते तुम्हाला शिकवायला नको. आपली दुसरी होडी पोचायच्या आधी चार होड्या तिथे हजर! बिनतारी बोलणं हवेतून चारी बाजूंना जातं, चॅनल लावेल तो ऐकतो. म्हणून आपण खुणेचे शब्द वापरतो.

फोनचं वाय-फायसुद्धा बिनतारीच. तिथे खुणेच्या शब्दांचं काम गणित करतं. त्याला क्रिप्टोग्राफी म्हणतात. संगणकशास्त्रातले काही संशोधक ही कुलपं मुद्दाम तोडून बघतात, म्हणजे चोराच्या आधी दोष कळावा. त्यातल्या दोन गोष्टी आज बघू.

पहिलं कुलूप १९९७ सालचं, नाव वेप. यात प्रत्येक निरोपाला गुप्त किल्लीबरोबर एक नंबर जोडला जायचा. असे नंबर होते सुमारे १ कोटी ६८ लाख. ऐकायला खूप वाटतात, पण गर्दीच्या नेटवर्कवर काही तासांत संपतात. मग तेच नंबर परत येतात आणि चोरून ऐकणाऱ्याला दोन निरोप ताडून बघता येतात. २००१ मध्ये फ्लूरर, मँटिन आणि शमीर या तिघांनी तर पुरेसे निरोप गोळा करून किल्लीच कशी काढता येते ते दाखवलं. वेप तिथेच निकालात निघालं.

पुढे २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ आलं. याचं गणित भक्कम. तरी २०१७ मध्ये बेल्जियमच्या ल्यूव्हेन विद्यापीठातल्या मॅथी व्हानहूफ यांनी त्यात भोक दाखवलं. फोन आणि राउटर जोडले जाताना चार निरोपांची देवाणघेवाण होते. हवेत निरोप हरवतो, म्हणून तिसरा निरोप परत पाठवायची सोय होती. चोर जवळपास असला तर तोच निरोप मुद्दाम परत पाठवायचा. फोन तीच किल्ली पुन्हा बसवायचा आणि नंबर परत पहिल्यापासून मोजायचा. म्हणजे जुनंच दुखणं, तोच नंबर दोनदा!

दोर पक्का होता, गाठ सैल होती. पासवर्ड बदलून ही गाठ घट्ट होत नव्हती. फोनचं सॉफ्टवेअर अपडेट करणं हाच उपाय होता. २०१८ मध्ये नवीन डब्ल्यूपीए-३ जाहीर झालं.

आता आपण काय करायचं?

१. फोनवर अपडेट आलं की "नंतर बघू" म्हणून ढकलू नका. गाठ घट्ट होते ती तिथेच.
२. घरच्या राउटरला आणि हॉटस्पॉटला डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ लावा. वेप नको, बिनपासवर्डचं तर नकोच.
३. बँकेच्या अ‍ॅपचं स्वतःचं कुलूप वेगळं असतं. तरी मासळीचे पैसे पाठवताना अनोळखी फुकट वाय-फाय बंद करून मोबाईल डेटा वापरा.
४. संकटात मात्र उलटं! चॅनल १६ मुद्दाम सगळ्यांसाठी उघडा ठेवलाय. तिथे खुणेचे शब्द नकोत. होडीचं नाव, जागा आणि किती माणसं आहेत ते स्पष्ट सांगा.

थव्याची जागा लपवा, जीव धोक्यात असेल तर काहीच लपवू नका. घरातल्या पोरांना सांगून आजच तांडेलाचा फोन तपासून घ्या. सेटिंग सापडत नसेल तर खाली विचारा, आम्ही सांगू.