वाइनची चव ओळखायला सुरुवात कुठून करावी?

प्रश्न : वाइनमधलं काहीच कळत नाही. नाशिकच्या वाइनपासून सुरुवात केली तर चालेल का?

उत्तर : वाइन म्हणजे आंबवलेला द्राक्षरस. यीस्ट रसातल्या साखरेचं अल्कोहोल करतं; त्याचं प्रमाण साधारण ११ ते १४ टक्के असतं. रंग येतो तो सालीतून. काळ्या द्राक्षांचा रस सालींसकट आंबवला की रेड वाइन होते. व्हाइटसाठी साली आधीच वेगळ्या काढतात. सालींबरोबर टॅनिनही उतरतं. जांभूळ खाल्ल्यावर जिभेला जो कोरडा तुरटपणा जाणवतो, तोच रेडमध्ये असतो. नवख्याला रेड ‘कडू’ लागते ती बहुधा यामुळेच.

म्हणून आधी व्हाइट बरी. नाशिकची शनँ ब्लाँ आणि सोव्हिन्याँ ब्लाँ एकाच बैठकीत, दोन ग्लासांत घोट-दोन घोट घ्यावी. पहिली फळांच्या वासाची, पुष्कळदा किंचित गोडसर; दुसरी आंबटसर, हिरव्या मिरचीच्या किंवा ओल्या गवताच्या वासाची. एकेक बाटली सुटी चाखण्यापेक्षा अशा तुलनेतून चव लवकर कळते. त्यानंतर रेडमधल्या शिराझकडे वळावं.

व्हाइट ८ ते १२ अंशांवर द्यावी, रेड १५ ते १८ अंशांवर. रेड ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी हा नियम थंड युरोपातला; आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवलेलीच बरी. ग्लास एक तृतीयांशच भरावा, वासाला जागा राहते. महागड्या बाटलीची घाई नको. उघडलेली बाटली बूच लावून फ्रीजमध्ये ठेवावी आणि तीन-चार दिवसांत संपवावी.