काळ्या रंगाखाली काय आहे?

मुंबईच्या गोदीतून १२ ऑक्टोबर १८१७ रोजी 'एचएमएस त्रिंकोमाली' ही युद्धनौका पाण्यात उतरली. जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी ती अस्सल सागवानात बांधली होती. तिच्या जन्माची कथाही नाट्यमय आहे. इंग्लंडहून मुंबईला तिच्या बांधणीचे नकाशे घेऊन निघालेलं 'एचएमएस जावा' हे जहाज डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'शी झालेल्या लढाईत गारद झालं, नकाशे त्याच्याबरोबर गेले आणि नवे मागवावे लागले. दोनशे वर्षं उलटून गेली तरी ही मुंबईकर नौका इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात तरंगते आहे. लाकडी मॉडेल करणाऱ्यांचा तिच्यावर जीव जडतो यात नवल नाही.

दिसायला तिचं रंगकाम सोपं आहे. वरचं अंग काळं, तोफांच्या रांगेवरून गेलेला पांढरा पट्टा आणि पाणरेषेखाली तांबं. शिडं, दोरखंड, डोलकाठ्या यांच्या मानाने हे काम म्हणजे किरकोळ, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात महिनोन् महिने खपून फळ्या बसवलेली मॉडेलं सर्वांत जास्त बिघडतात ती इथेच. आणि बिघडतात ती हात कापला म्हणून किंवा ब्रश हलका होता म्हणून नव्हे. एकमेकांशी न पटणारे थर एकावर एक चढवल्याने आणि खालचा थर पुरता वाळू न दिल्याने बिघडतात.

माझ्या टेबलावरच्या त्रिंकोमालीचंच उदाहरण घ्या. प्रमाण १:६४. काळ्या ऑइल एनॅमलचा पहिला हात आदल्या दिवशी दिलेला, बोटाला कोरडा लागत होता. दुसऱ्या हातासाठी रंग पातळ करायला हार्डवेअरच्या दुकानातून सुटा टर्पेंटाइन मागवला. दुकानदाराने बाटलीत भरून दिला तो एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकरचा, थिनर. ब्रश फिरला आणि दोन-तीन मिनिटांत नाळेपासून मागे केसाएवढ्या बारीक रेषा उमटू लागल्या. मग रंग तापल्या दुधावरच्या सायीसारखा गोळा होऊन उचलला गेला आणि खालचं राखाडी अस्तर उघडं पडलं.

असं का होतं, हे समजून घेणं महत्त्वाचं, कारण ते कळलं की अर्धे अपघात टळतात. ऑइल एनॅमल दोन टप्प्यांत वाळतो. आधी त्यातला द्रव उडून जातो, मग उरलेला थर हवेतला प्राणवायू घेत हळूहळू पक्का होतो. हा दुसरा टप्पा वरून खाली सरकतो. म्हणून पृष्ठभाग कोरडा लागला तरी आतला थर कित्येक दिवस, जाड हात असेल तर कित्येक आठवडे, मऊच असतो. एनसी थिनरमधली टोल्युइन आणि ॲसिटेटसारखी जहाल द्रव्यं या अर्धवट थरात शिरतात, तो फुगतो, पसरायला जागा नसते आणि सुरकुत्या पडतात. अशा वेळी घासत बसू नये. मऊ रंग पॉलिश पेपरच्या दाण्यांत भरतो, कागद बाद होतो आणि खालच्या फळीवर ओरखडे उठतात. पत्र्याच्या धारेने तो खरवडून थेट लाकडापर्यंत जाणं हाच खरा उपाय.

यातून निघणारे नियम साधे आहेत. एनसी लॅकरवर, तो वाळल्यावर, एनॅमल चालतो. एनॅमलवर एनसी लॅकर चालत नाही. पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक दोन्हींवर बसतो, पण खालचा थर पूर्ण पक्का हवा आणि त्याची चमक बारीक कागदाने मोडलेली हवी. शंका असेल तिथे मध्ये लाखेचा एक हात द्यावा, म्हणजे सुतार फ्रेंच पॉलिशला वापरतात तो स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा. त्यातलं मेण काढलेलं असेल तर उत्तम, कारण मेणावर पुढचा रंग धरत नाही. सुटा थिनर कधी घेऊ नये. कंपनीचा सीलबंद डबा महाग पडतो, पण वाया गेलेल्या फळ्यांपेक्षा स्वस्तच.

न जुळणारे थर ही अडचण फक्त छोट्या नौकांची नाही. ब्रिटिश आरमाराने १७६१ मध्ये 'एचएमएस अलार्म' या जहाजाच्या तळाला प्रयोग म्हणून तांब्याचे पत्रे ठोकले. लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यापासून तळ वाचला, पण १७६३ मध्ये तपासणी झाली तेव्हा लोखंडी खिळे गळून पडायला आले होते. खाऱ्या पाण्यात तांबं आणि लोखंड एकमेकांना टेकली की लोखंड झिजतं. गंमत अशी की काही ठिकाणी पत्र्यांना गुंडाळलेला जाड तपकिरी कागद काढायचा राहून गेला होता, आणि तिथले खिळे मात्र धडधाकट होते. लाखेचा मधला हात मॉडेलवर तेच करतो: जे एकमेकांना सोसत नाहीत, त्यांना वेगळं ठेवतो.

आता लाकडाकडे वळू. रंग चांगला बसणं न बसणं अस्तराच्या आधीच ठरतं. सागवानात नैसर्गिक तेल असतं, म्हणून डिंक आणि रंग दोन्ही त्याला नीट धरत नाहीत. रंगवण्याच्या जरा आधी ॲसिटोनने ओला केलेला फडका फिरवावा. बाल्सा आणि इतर मऊ लाकडं रंग पिऊन टाकतात, त्यांना सँडिंग सीलरचे दोन-तीन हात लागतात. महोगनीची रंध्रं उघडी असतात, ती भरल्याशिवाय काळ्या रंगात टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसत राहतात. फळ्यांमधल्या फटींत लांबी भरताना भिंतीची लांबी वापरू नये. ती ठिसूळ असते आणि लाकूड हललं की तडकते. त्याच लाकडाची बारीक भुकटी लाखेत किंवा सीलरमध्ये कालवून भरली की ती लाकडाबरोबर राहते.

घासायला १२० नंबरपासून सुरुवात करावी, मग २२०, मग ३२०. अस्तरानंतर ४०० चा वॉटर पेपर, पाणी लावून, तेही लाकूड पूर्ण बंद झालेलं असेल तरच. कागद बोटाने दाबून घासला तर फळ्यांच्या कडा तशाच राहतात आणि मधे घळी पडतात. रबराच्या लवचिक तुकड्यावर कागद गुंडाळून, नाळेपासून मागे लांब हात फिरवावेत. मग खोलीतला दिवा बंद करून टॉर्च नौकेच्या अंगाला जवळजवळ टेकवून धरावा. अशा आडव्या प्रकाशात प्रत्येक उंचवट्याची सावली पडते. दिवसा गुळगुळीत दिसणारी नौका या प्रकाशात किती खडबडीत निघते, ते एकदा बघाच. राखाडी अस्तराचा खरा उपयोगही हाच आहे. एका रंगात दोष दिसतात, लाकडाच्या रेषांत ते लपतात.

कोकणातल्या, मुंबईतल्या आणि गोव्यातल्या माणसाला आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे पावसाळा. एनसी लॅकर उडून जाताना पृष्ठभाग थंड करतो, दमट हवेतलं पाणी त्यावर जमतं आणि थर दुधाळ होतो. थोडं पांढरेपण कोरड्या दिवशी थिनरचा हलका फवारा दिला की जातं, जास्त असेल तर पुन्हा घासावं लागतं. त्याहून मोठी गोष्ट लाकडाची. फळी लांबीत फारशी बदलत नाही, रुंदीत मात्र दमटपणाने फुगते आणि मे महिन्यात आकसते. बाहेरून रंगाचे पाच हात आणि आतून कोरं लाकूड, अशी नौका आतून ओल घेत राहते आणि बाहेरच्या रंगात फळीगणिक रेघ उमटते. आतल्या बाजूला सीलरचे दोन हात द्यायला फार वेळ लागत नाही. वरची पाटी, म्हणजे डेक, बसवल्यावर तिथे हात पोचत नाही, म्हणून हे काम आधीच उरकावं.

रंग किती जाड असावा, यासाठी एक हिशोब लक्षात ठेवण्यासारखा आहे. १:६४ च्या मॉडेलवर पाव मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे खऱ्या जहाजावर १६ मिलिमीटर. एवढा रंग खऱ्या जहाजावर कोणी चढवत नाही. म्हणून जाड दोन हातांपेक्षा पातळ पाच बरे. रंगछटेचंही तसंच. खऱ्या जहाजाचा काळा रंग जसाच्या तसा मॉडेलवर लावला तर फार गडद आणि खेळण्यातला दिसतो. लांबून पाहताना मधल्या हवेमुळे रंग फिका भासतो, तेवढा फिकेपणा आपणच मिसळायचा: काळ्यात थोडा राखाडी, पांढऱ्यात किंचित पिवळसरपणा. आणि शेवटचा हात मॅट. चकचकीत अंगाचं युद्धजहाज, माझ्या मते, कितीही कौशल्याने केलेलं असलं तरी खोटं वाटतं.

पाणरेषेची सरळ रेघ हा या कामातला सर्वांत नाजूक भाग. नौका सपाट टेबलावर, नकाशात दाखवली असेल तितक्याच कलाने पक्की बसवावी. बऱ्याच जहाजांचा मागचा भाग पाण्यात थोडा खोल असतो, हे विसरू नये. लाकडाच्या ठोकळ्याला योग्य उंचीवर पेन्सिल बांधून तो ठोकळा नौकेभोवती फिरवावा. नौका हलवू नये. मागच्या बाजूला अंग आत वळतं तिथे ही रेघ वरून पाहताना वाकडी वाटते, तरी तिच्यावरच विश्वास ठेवावा. मास्किंग टेप लावल्यावर तिची कड नखाने नव्हे, प्लॅस्टिकच्या चमच्याच्या पाठीने दाबावी. मग लगेच नवा रंग लावू नये. आधी टेपच्या कडेवर खालच्याच रंगाचा पातळ हात द्यावा, म्हणजे टेपखाली जे काही झिरपायचं ते त्याच रंगाचं झिरपतं आणि वाट बंद होते. त्यानंतरचा रंग सुरीने कापल्यासारखा उठतो. टेप रंग पुरता कडक होण्याआधी, मागे दुमडून, हळू काढावी.

तांब्याबद्दल थोडक्यात. ब्रिटिश आरमाराचा नेहमीचा पत्रा चार फूट लांब आणि चौदा इंच रुंद असे. १:६४ ला तो साधारण १९ बाय साडेपाच मिलिमीटर होतो. चिकट तांब्याच्या टेपचे तेवढे तुकडे कापून मागून पुढे, खालून वर बसवावेत. त्यावर खिळ्यांचे मोठे ठसे उमटवण्याचा मोह टाळावा. या प्रमाणात खिळा दिसतच नाही. बोटांच्या घामाने तांब्यावर काळे ठसे पडतात, म्हणून हातमोजे घालावेत.

नौका शोभेची नसून तळ्यात सोडायची असेल तर इपॉक्सी आणि काचेचं तलम कापड लागतं. गोव्यात बांधलेल्या आणि कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९–१० मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा घातलेल्या 'म्हादेई'च्या अंगातही लाकूड आणि फायबरग्लास आहे. इथला धोका वेगळा. दमट हवेत इपॉक्सी पक्का होताना पृष्ठभागावर मेणचट पापुद्रा येतो. तो थिनरने पुसला तर फक्त पसरतो. साध्या पाण्याने आणि खरखरीत स्क्रबरने धुतला की जातो. धुतल्यानंतरच घासावं. अर्धवट पक्क्या इपॉक्सीवर ऑइल एनॅमल दिला तर तो आठवडा उलटला तरी चिकटच राहतो.

म्हणून नौकेला हात लावण्याआधी त्याच लाकडाच्या दोन उरलेल्या फळ्या जोडून त्यांवर सीलर, लांबी, अस्तर, रंग आणि वार्निश असा पूर्ण क्रम, त्याच डब्यांतून, त्याच दिवसांच्या अंतराने देऊन पाहावा. मागे पेन्सिलने तारखा लिहाव्यात. पंधरा दिवसांनी नखाने दाबून, त्यावर टेप लावून ओढून बघावी. हा तुकडा टिकला तरच नौकेकडे वळावं.

शेवटचं, पण सर्वांत काळजीने वाचा. तळ तांबडा करायला देवाचा शेंदूर रंगात घालू नका. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड असतं, आणि घासताना त्याची भुकटी श्वासात जाते. थिनर आणि इपॉक्सीचं काम खिडकी उघडून, वाफ अडवणारा मास्क लावून, देवघरातल्या समईपासून आणि गॅसपासून दूर करा. जवसाच्या तेलाने भिजलेले बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते आतल्या आत तापून आपोआप पेट घेतात. पाण्याच्या डब्यात बुडवा किंवा बाहेर एकेक पसरून कडक वाळू द्या, मगच कचऱ्यात टाका.